फेसाची साक्ष

गेल्या वर्षी आमच्या दीक्षेला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने धर्मग्रामातील काही कुटुंबांनी मिळून आमच्या निवासाला कपडे धुण्याचे यंत्र भेट दिले. पुढच्या बाजूस काचेचे गोल दार असलेले, पाणी आपले आपण घेणारे आणि आपले आपण सोडणारे. स्वयंपाकघर आणि धुणे सांभाळणाऱ्या मावशींना आता विहिरीवरच्या दगडाशी वाकावे लागणार नाही, ह्या विचाराने आम्हांस समाधान वाटले. ते समाधान जेमतेम दोन आठवडे टिकले.

एका शनिवारी सकाळी मावशींची हाक ऐकून आम्ही मागील पडवीत धावलो. यंत्राच्या वरच्या खणातून पांढरा फेस उतू जात होता. काचेच्या दारामागे कपडे दिसत नव्हते, नुसता फेस दिसत होता. यंत्र मधूनच थांबे, घुमे, पुन्हा थांबे. पडवीची फरशी भरून फेस पायरीपर्यंत आला होता. आम्ही घाईघाईने वीज बंद केली आणि त्याच घाईने मावशींना बोललो. एवढी पावडर कशाला घातलीत, असा आमचा प्रश्न होता आणि त्याचा सूर चांगला नव्हता. दुपारी आलेल्या कारागिरानेही पडदीवर टेकून तोच निर्णय दिला, पैसे घेतले आणि तो निघून गेला.

संध्याकाळी मावशी शांतपणे म्हणाल्या, “फादर, वीस वर्षं मी बादलीत दोन मुठीच टाकते. तीच मूठ, तीच पावडर. मग आताच ती जास्त कशी झाली?”

ह्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. सोमवारी मावशी पुन्हा विहिरीवरच्या दगडाशी वाकलेल्या दिसल्या. यंत्राला त्यांनी हात लावला नव्हता. उत्तर शोधण्यासाठी आम्ही वाचू लागलो, आणि मग ध्यानात आले की ह्या दोन मुठींमागे मोठा इतिहास आहे. फेस म्हणजे स्वच्छता ही समजूत कोठून आली, ती केव्हा खरी होती आणि केव्हा खोटी ठरली, त्याचा हा इतिहास. वाचकांपुढे तो थोडक्यात ठेवतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फेसावाचून कपडे स्वच्छ होत नाहीत हे काही आपल्या पूर्वजांचे मत नव्हते. मानवाने हजारो वर्षे कपडे धुतले ते बहुतांशी फेसाशिवाय. चुलीतील राख पाण्यात कालवून, ती निवळू देऊन वरचे निथळ पाणी धुण्यास वापरणे ही रीत जगभर होती. आपल्याकडे धोबी कपडे खाराच्या पाण्यात भिजवीत, भट्टीवर वाफवीत आणि नदीच्या किंवा घाटाच्या दगडावर आपटीत. खाराने मळातील तेलकटपणा सुटे, वाफेने तो सैल होई आणि आपटण्याने निघून जाई. ह्या सर्व खटाटोपात फेस फारसा नसे, तरी पांढरे धोतर पांढरेच होई.

फेस देणारी एक वस्तू मात्र आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक होती. ती म्हणजे रिठा. रेशमी व लोकरी वस्त्रे, सोन्याचे दागिने आणि केस धुण्यासाठी रिठ्याचे पाणी वापरीत. त्यातील सॅपोनिन ह्या द्रव्यामुळे भरपूर फेस येतो. वनस्पतिशास्त्रात रिठ्याच्या प्रजातीला (वंशाला) ‘सॅपिंडस’ म्हणतात. ‘सापो’ म्हणजे साबण आणि ‘इंडिकस’ म्हणजे इंडियाचा, ह्या दोन लॅटिन शब्दांचा हा जोड आहे. सेमिनरीत लॅटिन शिकताना जी क्रियापदे पाठ केली, ती बहुतेक विसरलो; असे काही शब्द मात्र अजून भेटतात.

‘सापो’ हा शब्द लिखित स्वरूपात आपल्याला भेटतो तो थोरल्या प्लिनीच्या ‘निसर्गेतिहास’ ह्या ग्रंथात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हा रोमन विद्वान मरण पावला. चरबी आणि राख ह्यांपासून गॉल लोक ही वस्तू बनवतात, असे तो नोंदवतो. पण तिचा उपयोग म्हणून तो केस तांबूस करणे सांगतो, कपडे धुणे नव्हे. अरबी ‘साबून’, पोर्तुगिजांचा ‘सबांव’ आणि आपला ‘साबण’ ही सारी त्या एकाच शब्दाची वंशावळ आहे. म्हणजे साबण जुना खरा, पण घरोघरचे धुणे त्याच्या हाती गेले ते बऱ्याच उशिरा.

त्याला कारण त्याची किंमत. साबण करण्यास चरबी अथवा तेल लागते आणि खार लागतो. हा खार लाकडाच्या किंवा समुद्रवनस्पतींच्या राखेतून काढावा लागे. फ्रान्समधील निकोला लब्लां ह्याने १७९१ साली साध्या मिठापासून सोडा तयार करण्याच्या रीतीचे एकस्व मिळवले आणि खार विपुल होण्याची वाट मोकळी झाली. पुढे मिशेल शेव्ह्रल ह्या त्याच्याच देशबांधवाने चरबीवर दीर्घ संशोधन करून, साबण म्हणजे चरबीतील आम्लांचा क्षार होय हे दाखवून दिले. त्याचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साबणाचे मोठे कारखाने उभे राहिले. १८८८ साली कलकत्ता बंदरात इंग्लंडहून आलेल्या सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. विसाव्या शतकात टाटांच्या तेल कारखान्याचा ५०१ बार मराठी घरांत इतका रुळला की आमच्या पिढीतील अनेकांच्या बालपणाला त्याचा वास आहे.

फेस म्हणजे स्वच्छता ही समजूत ह्या साबणाबरोबर आली. येथे मावशींच्या बाजूने सांगण्यासारखी मुख्य गोष्ट येते. ही समजूत अडाणीपणाची नव्हती. त्या काळापुरती आणि त्या वस्तूपुरती ती अगदी खरी होती.

जमिनीतील पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्यांचे क्षार विरघळलेले असतात. साबण अशा पाण्यात पडला की तो प्रथम ह्या क्षारांशी संयोग पावतो आणि त्याचा न विरघळणारा चिकट साका तयार होतो. हाच साका बादलीच्या कडेला करडी रेघ होऊन बसतो. पाण्यातील सर्व क्षार अशा रीतीने साबण खाऊन संपेपर्यंत फेस येत नाही आणि कपडाही स्वच्छ होत नाही. क्षार संपले की त्यापुढे घातलेला साबण मोकळा राहतो. मग फेस येतो, आणि मळ निघू लागतो. म्हणजे फेस आला ह्याचा अर्थ, आता पाण्यात धुण्यापुरता साबण शिल्लक आहे. फेसाची ही साक्ष खरी होती.

शास्त्रज्ञांनीही ती मान्य केली होती. अॅबर्डीन येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क ह्यांनी पाणी मऊ करण्याच्या आपल्या पद्धतीचे एकस्व १८४१ साली घेतले, आणि पाण्याचा जडपणा मोजण्याची त्यांनी बसवलेली रीत फेसावरच आधारलेली होती. बाटलीत ठरावीक पाणी घ्यावयाचे, त्यात साबणाचे प्रमाणित द्रावण थोडे थोडे घालून हलवीत जावयाचे, आणि पाच मिनिटे टिकणारा फेस येण्यास किती द्रावण लागले ते पाहावयाचे. जितका साबण अधिक, तितके पाणी जड. प्रयोगशाळेतील प्राध्यापक आणि विहिरीवरची बाई, दोघेही एकाच साक्षीदाराला विचारीत होते.

आपल्या मराठीने तर ह्या साक्षीला शब्दांतच कायम केले आहे. शाळेच्या पुस्तकात जड पाण्याला ‘दुष्फेन’ आणि मऊ पाण्याला ‘सुफेन’ म्हणतात. ज्यात फेस येण्यास कष्ट पडतात ते दुष्फेन, ज्यात सहज येतो ते सुफेन. पाण्याचा गुण फेसावरून ओळखावा, असे आमची परिभाषाच सांगते. मग मावशींनी तसे ओळखले तर त्यात नवल ते काय?

आता आमच्या विहिरीकडे वळू. वसईच्या किनारपट्टीवर राहणाऱ्यांस सांगावयास नको की गेल्या चार दशकांत येथील अनेक विहिरींची काय दशा झाली. बांधकामांसाठी व टँकरसाठी अतोनात उपसा झाला, गोड्या पाण्याची पातळी खाली गेली आणि समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत सरकले. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर असते. जी विहीर एके काळी सुफेन होती ती दुष्फेन झाली. मावशींच्या हाताने हा बदल आमच्या आधी ओळखला. पूर्वी एका मुठीत होणारे काम दोन मुठींवर गेले. त्यांची दुसरी मूठ उधळपट्टीची नव्हती. खाऱ्या झालेल्या विहिरीने ती मागून घेतली होती.

नवे यंत्र मात्र विहिरीला नव्हे, नळाला जोडलेले आहे. नळाला येते ते धरणाचे पाणी, पावसाचे साठवलेले, विहिरीच्या मानाने कितीतरी मऊ. तीच दोन मूठ पावडर, पण तिचा वाटा खाण्यास पाण्यात क्षारच फारसे नाहीत. मावशींच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळाले. उरलेले निम्मे पावडरीत आणि यंत्रात होते.

आज आपण ज्याला ‘साबणाची पावडर’ म्हणतो ती बहुधा साबण नसतेच. तिचा जन्म टंचाईतून झाला. पहिल्या महायुद्धात जर्मनीत खाण्यासच चरबी मिळेना, तेथे साबणाला कोठून मिळणार? १९१७ साली तेथील बी. ए. एस. एफ. कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी ‘नेकल’ नावाचे कृत्रिम प्रक्षालक सिद्ध केले. ते फेस उत्तम देई. मळ काढण्याची त्याची शक्ती मात्र बेताची होती. फेस आणि स्वच्छता ह्यांची ताटातूट होण्याची ही सुरुवात म्हणता येईल. अमेरिकेत १९३३ साली ‘ड्रेफ्ट’ आणि १९४६ साली ‘टाइड’ बाजारात आले. टाइडमध्ये फॉस्फेट घातलेले होते. ते पाण्यातील कॅल्शियमला बांधून ठेवी, त्यामुळे जड पाण्यातही पावडर आपले काम करी. साका नाही, करडी रेघ नाही, आणि फेस मात्र भरपूर.

ह्या नव्या प्रक्षालकांचे काम कसे चालते ते थोडे पाहिले पाहिजे. त्यांच्या रेणूला एक डोके असते आणि एक शेपूट. डोक्याला पाणी आवडते, शेपटाला तेल. हे रेणू मळाच्या तेलकट कणाभोवती शेपटे आत करून जमतात आणि त्याला कापडावरून उचलून पाण्यात नेतात. हे काम पाण्याच्या पोटात होते. फेस होतो तो पाणी आणि हवा ह्यांच्या सीमेवर, जेथे तेच रेणू हवेच्या बुडबुड्याभोवती रांग धरतात. म्हणजे फेसातील रेणू मळाशी झुंजत नसतात, ते हवेला धरून बसलेले असतात. फेस नसतानाही मळ निघू शकतो, आणि फेस भरपूर असूनही मळ राहू शकतो.

तरीही कारखानदारांनी फेस काढून टाकला नाही. उलट, तो अधिक काळ टिकावा म्हणून वेगळी द्रव्ये घातली. गृहिणींच्या तीन-चार पिढ्यांनी फेस पाहून साबण पारखलेला, आता फेस न देणारी पावडर त्या कशा घेतील? साक्षीदाराला काही ठाऊक उरले नव्हते, तरी त्याला रोज उभे करण्यात येत होते.

अशा वेळी स्वयंचलित यंत्र आले. १९३७ साली अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने घरगुती वापराचे पहिले स्वयंचलित धुलाई यंत्र लोकांपुढे आणले. तेही आमच्या यंत्रासारखे पुढून उघडणारे होते, आणि हादऱ्यांमुळे ते जमिनीला बोल्टने जखडावे लागे. अशा यंत्रात आडवे पिंप फिरते, त्याच्या आतील पट्ट्या कपड्यांना वर उचलतात आणि वरून खाली पाण्यात टाकतात. हे वरून पडणे म्हणजेच धोब्याचे दगडावर आपटणे. यंत्राची सारी विद्या त्या पडण्यात आहे.

पिंपात फेस भरला की हे पडणेच बंद होते. कपडे गादीवर पडावेत तसे फेसावर पडतात. आपटले जात नाहीत, घासले जात नाहीत. म्हणजे फेस जितका अधिक, तितकी धुलाई कमी. पुढे पाणी सोडण्याची वेळ येते तेव्हा पंप पाणी ओढू शकतो, पण फेस म्हणजे बहुतांशी हवा, ती त्याला ओढवत नाही. पाण्याची पातळी ओळखणाऱ्या दाबाच्या नळीची फसगत होते. कपडे पिळण्यासाठी पिंप वेगाने फिरू लागले की ते पिंप आणि बाहेरची टाकी ह्यांच्यामधील फेस त्याला जखडून धरतो व मोटारीवर ताण पडतो. आमचे यंत्र त्या शनिवारी घुमत होते आणि थांबत होते ते ह्यामुळे. शिवाय असे यंत्र बादलीच्या मानाने फार थोडे पाणी घेते. थोड्या पाण्यात तीच पावडर म्हणजे अधिक तीव्र द्रावण, आणि त्यात कपड्यांच्या सततच्या उलथापालथीने हवा मिसळते. घुसळणे आणि धुणे ह्यांत मग भेद राहत नाही.

अमेरिकन घरांत हाच अनुभव आमच्या आधी कितीतरी वर्षे आला होता. म्हणूनच १९४० च्या दशकाच्या अखेरीस मोन्सँटो कंपनीने ‘ऑल’ नावाची, मुद्दाम कमी फेस देणारी पावडर काढली, आणि १९५४ साली प्रॉक्टर अँड गँबलने त्याच कामासाठी ‘डॅश’ आणली.

फेस दाबण्याच्या उपायांत एक मौज आहे. प्रक्षालकाच्या पावडरीत थोडा खराखुरा साबण, विशेषतः लांब साखळीच्या चरबीचा, मिसळला की तो पाण्यातील कॅल्शियमशी मिळून तोच जुना साका तयार करतो, आणि त्या साक्याचे सूक्ष्म कण फेसाचे बुडबुडे फोडतात. ज्या साक्याने आमच्या आज्यांना छळले, तोच यंत्रात फेसाचा पहारेकरी म्हणून नेमला गेला. पण पाणी फार मऊ असले तर हा पहारेकरी दुबळा पडतो, कारण त्याला साका करण्यास कॅल्शियम मिळत नाही. पुढे सिलिकोन तेलावर आधारलेली द्रव्ये आली. ती अगदी थोड्या प्रमाणात फेस दाबतात. आज पुढून उघडणाऱ्या यंत्रासाठी म्हणून जी निराळी पावडर मिळते, तिच्यात असा बंदोबस्त असतो. हाताने धुण्याच्या पावडरीत तो नसतो. तेथे फेस हवाच, कारण बादलीवर वाकलेल्या गिऱ्हाइकाला तो दिसला पाहिजे.

भारतात हा सारा प्रवास घाईने झाला. १९५९ साली हिंदुस्तान लिव्हरने सर्फ आणली. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल ह्यांनी निरमा सुरू केली आणि स्वस्त पिवळी पावडर गावोगाव पोहोचली. दूरचित्रवाणीवरील ललिताजी १९८० च्या दशकात घरोघर ओळखीच्या झाल्या. त्यांचा युक्तिवाद थोड्या पावडरीत अधिक कपडे धुतले जाण्याचा होता, पण आमच्या घरांतून पारख चालली ती फेसावरूनच. मग १९९० नंतरच्या दशकात पुढून उघडणारी यंत्रे शहरी मध्यमवर्गाच्या घरांत येऊ लागली. अमेरिकेत साबण, प्रक्षालक आणि यंत्र ही तीन वळणे वेगवेगळ्या पिढ्यांनी घेतली. आमच्या मावशींना एकाच आयुष्यात वडीचा साबण, पिवळी पावडर आणि काचेच्या दाराचे यंत्र, तिन्ही भेटली. प्रत्येक वेळी वस्तू बदलली. तिच्याबरोबर तिचे ज्ञान द्यावयास कोणी आले नाही. यंत्र देणाऱ्यांनी यंत्र दिले, आम्ही ते स्वीकारले, आणि माहितीचे इंग्रजी पुस्तक कपाटात ठेवून दिले. मावशींना इंग्रजी वाचता येत नाही हे आम्हांस ठाऊक होते.

पण फेसाची गोष्ट आमच्या पडवीत संपत नाही. यंत्रातून निघालेले पाणी कोठेतरी जाते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पावडरींत जे मुख्य प्रक्षालक होते, त्याच्या रेणूच्या शेपटाला फांद्या फुटलेल्या असत. अशी फांद्यांची साखळी जंतूंना सहजी पचवता येत नाही. परिणामी १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर आणि मैलापाणी शुद्ध करण्याच्या केंद्रांवर फेसाचे डोंगर दिसू लागले. काही ठिकाणी तर पिण्याच्या पाण्यालाही फेस आला. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला, आणि प्रक्षालकातील द्रव्य किमान ८० टक्के विघटनशील असले पाहिजे हा नियम १९६४ पासून अमलात आणला. अमेरिकेतील उत्पादकांनी १९६५ साली फांद्यांची साखळी सोडून सरळ साखळीचे प्रक्षालक स्वीकारले, जे जंतू खाऊ शकतात. काही वर्षांत तेथील नद्यांवरचा तो फेस ओसरला.

फेस तेथे पुन्हा साक्षीदार झाला होता, ह्या वेळी खरा. नदीवरच्या फेसाने सांगितले, म्हणून कायदा झाला.

आज आपल्या देशातही तो साक्ष देत आहे. दिल्लीत यमुनेवर पावसाळ्यानंतर पांढऱ्या फेसाचे थर तरंगतात आणि त्यातच उभे राहून लोक छठपूजा करतात. बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावावरील फेसाने २०१५ च्या मे महिन्यात पेट घेतला. आणि आपल्या महाराष्ट्रात, ज्ञानदेवांच्या आळंदीत, इंद्रायणी अलीकडच्या वर्षांत वारंवार फेसाळलेली दिसली. स्नानासाठी आलेल्या वारकऱ्यांनी त्या फेसाला हाताने बाजूस सारले. सरळ साखळीचे प्रक्षालकही जंतूंनी खावे लागते, त्यासाठी मैलापाण्यावर प्रक्रिया व्हावी लागते. प्रक्रिया न करता सोडलेल्या सांडपाण्यात, कारखान्यांचे असो वा घरांचे, ते तसेच नदीला मिळते. ह्यात मोठा दोष मावशींच्या दुसऱ्या मुठीचा नाही. तरीही नको असलेली प्रत्येक मूठ गटारातून खाडीकडेच जाते. आणि फेस न देणाऱ्या पावडरीतही प्रक्षालक असतेच. फेस दिसला नाही म्हणून पाणी निर्मळ राहिले, असे समजणे ही जुन्या चुकीचीच दुसरी बाजू होय.

आता व्यवहाराचे सांगतो. आमच्यावर जो प्रसंग आला तो इतरांवरही येत असणार. यंत्र फेसाने भरले तर दार उघडण्याची घाई करू नये. यंत्र थांबवून अर्धा तास स्वस्थ राहू द्यावे. फेस आपोआप बसतो. मग पावडर न घालता नुसते पाणी सोडण्याचा आणि खळबळण्याचा टप्पा चालवावा, गरज पडल्यास दोनदा. कपडे मऊ करण्याचे जे द्रव मिळते ते चमचाभर घातल्यास फेस लवकर मोडतो, कारण त्याचे रेणू प्रक्षालकाच्या रेणूंच्या उलट विद्युतभाराचे असतात आणि त्यांना बांधून टाकतात. वारंवार व्हिनेगर ओतण्याचा सल्ला काही जण देतात. तो आम्ही पाळत नाही, आम्लाने दाराचे रबर खराब होण्याची भीती असते.

त्यानंतर कारणांचा शोध घ्यावा. पावडर पुढून उघडणाऱ्या यंत्राची आहे की हाताने धुण्याची, हे प्रथम पाहावे. मग मापाने घालावी, मुठीने नव्हे; पाणी मऊ असेल तर पाकिटावरील मापाहूनही कमी. कपडे आधी बादलीत पावडरीत भिजवले असतील, तर ती पावडरही हिशेबात धरावी. खालच्या गाळणीत नाणी, बटणे, धागे अडकले असतील तर पाणी पुरते बाहेर जात नाही आणि जुना फेस नव्यात मिसळतो. म्हणून ती महिन्यातून एकदा साफ करावी. इतके करूनही फेस येत राहिला, तर कपडे पावडर न घालता कोमट पाण्यात फिरवून पाहावेत. तरीही फेस आला, तर तो आजचा नव्हे. कित्येक आठवड्यांची पावडर कपड्यांत साचून राहिली आहे. आमच्या पंच्यांना असे तीन वेळा नुसत्या पाण्यात धुवावे लागले. पिंपात साचलेल्यासाठी रिकामे यंत्र गरम पाण्यावर एकदा चालवले.

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही एका रविवारी दुपारी मावशींशी बोलावयास बसलो. प्रथम क्षमा मागितली. मग विहिरीचे पाणी आणि नळाचे पाणी दोन स्वच्छ बाटल्यांत घेतले, दोहोंत वडीच्या साबणाचा सारखाच कीस टाकला, आणि मावशींना त्या हलवावयास दिल्या. नळाच्या पाण्याची बाटली गळ्यापर्यंत फेसाने भरली. विहिरीच्या पाण्यावर पांढुरका साका तरंगला. मावशी दोन्ही बाटल्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझी मूठ चुकीची नव्हती. पाणी दुसरं होतं.”

आम्ही होय म्हणालो.

आता यंत्राशेजारी स्टीलचा लहान चमचा खिळ्याला टांगलेला आहे आणि माहितीच्या पुस्तकातील जरुरीची पाने आम्ही मराठीत लिहून भिंतीवर लावली आहेत. काचेच्या दारामागे कपडे स्पष्ट दिसतात, खाली जेमतेम दोन बोटे फेस असतो. पहिले काही दिवस मावशी दोरीवरचे कपडे नाकाशी धरून पाहत आणि मान हलवीत. आता तसे करीत नाहीत. गोणपाटे आणि पायपुसणी मात्र त्या अजून विहिरीवरच नेतात आणि तेथे दोन मुठीच टाकतात. त्या पाण्याला तितकी लागते, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.